माग थांबवायला विचारावं लागतं का?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"ताई, मी 27 वर्षांचा. मूळचा इचलकरंजीचा. मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि पाच वर्षांपासून भोसरीत एका मशीन शॉपमध्ये आहे. गेल्या वर्षी शिफ्ट सुपरवायझर झालो. आमच्याकडे गाड्यांचे स्टीलचे हब होतात, त्यात 25 एच7 चा बोअर असतो, म्हणजे 25 मिलिमीटरचं ठरलेल्या मापातलं भोक. दिवाळीच्या आधी सेकंड शिफ्टला बोअर गेजवर रीडिंग वरच्या लिमिटला टेकलेलं दिसलं, 25.019. मशीन लावून देणारा सेटर चहाला गेला होता. वाट बघण्यापेक्षा मीच 12 मायक्रॉनचा ऑफसेट मारला, म्हणजे बोअर मिलिमीटरच्या 12 हजारांशाने लहान व्हावा असं मशीनचं सेटिंग बदललं. सकाळी 60 नग अंडरसाइज निघाले. सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, 'तुला शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं?' मी सॉरी म्हटलं, विषय संपला.

त्यानंतर ठरवलं, आपलं काम बरं आणि आपण बरे. वडीलही हेच सांगत आले. त्यांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. पण मे महिन्यात परत सेकंड शिफ्टलाच गो गेज, म्हणजे बोअर पुरेसा मोठा आहे ना हे आत घालून बघायचा प्लग, टाइट जाताना दिसला. सेटरला सांगितलं. तो म्हणाला, 'जातोय ना? मग चालू दे, रात्री गाडी आहे.' मी गप्प बसलो. 412 नग गेले आणि कस्टमरकडे शाफ्ट बसेना. आता साहेब म्हणतात, 'सुपरवायझर कशाला केलाय तुला? दिसत होतं तर थांबवलं का नाहीस?' केलं तरी शिव्या, नाही केलं तरी शिव्या. गो जात होता तरी माल रिजेक्ट कसा झाला, हेही मला अजून कळलेलं नाही. पुढाकार घ्यायचा की नाही, एकदा स्पष्ट सांगा."

— भोसरीचा एक सुपरवायझर

मित्रा,

एकेरीच लिहिते. माझा धाकटासुद्धा तुझ्याहून मोठा आहे, आणि मशीन शॉपमधल्या माणसाला 'आपण' म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत.

तुझ्या पत्रातली तक्रार मी एकदा वाचली. पण एक वाक्य चार वेळा वाचलं: गो जात होता तरी माल रिजेक्ट कसा झाला, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलंय. म्हणून साहेब, सेटर, वडील सगळे थोडा वेळ बाजूला ठेव. आधी बोअरचं बघू.

25 एच7 म्हणजे बोअर 25.000 ते 25.021 च्या आत पाहिजे. एकूण जागा, म्हणजे टॉलरन्स, 21 मायक्रॉनची. आता मला सांग, जॉब चकमधून निघाला की तुम्ही तो कधी मोजता? माझा अंदाज, काढला की लगेच. हाताला चटका बसतो इतका गरम असतानाच. बरोबर?

स्टील तापलं की वाढतं, हे तू डिप्लोमात शिकलास. एक मीटर स्टील एका अंशाला साधारण 12 मायक्रॉन वाढतं. 25 मिलिमीटरचा बोअर गेजपेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर तो 6 मायक्रॉनने मोठा दिसतो. हो, मोठाच. धातू आत फुगून भोक लहान होत असेल असं पुष्कळांना वाटतं, परीक्षेत पहिले आलेल्या पोरांनाही वाटतं. त्यांना मी बैलगाडीच्या चाकाची आठवण करून द्यायची. लोहार लोखंडी धाव तापवतो, ती मोठी होते, लाकडी चाकावर सहज उतरते, आणि वर पाणी मारलं की आवळून बसते. तुझा बोअर म्हणजे तीच धाव, आकाराने छोटी.

आता दिवाळीच्या आधीची रात्र परत बघ. तुला 25.019 दिसलं ते गरम जॉबवर. थंड झाल्यावर तोच बोअर 25.013 च्या आसपास, म्हणजे टॉलरन्सच्या जवळजवळ मधोमध. जिथे काहीच करायची गरज नव्हती तिथे तू 12 मायक्रॉन खाली ओढलेस. राहिला 25.001. त्यापुढे कापणारा इन्सर्ट झिजत गेला, बोअर आणखी बारीक होत गेला आणि तासाभरात 25.000 च्या खाली. तुझे 60 नग तिथून आले.

आणि मे महिन्यातली रात्र? शॉपमध्ये आधीच उकाडा, जॉब त्याहून गरम, गेज मात्र टेबलावर पडलेला. गरम, म्हणजे फुगलेल्या बोअरमध्ये गो टाइट जातोय. तोच जॉब गाडीत थंड झाला की 6 मायक्रॉनने आकसणार. गरम असताना जेमतेम गेलेला गो थंडपणी जाणारच नाही. सेटर खोटं बोलत नव्हता. गो जात होताच.

मी तुमच्या शॉपमध्ये उभी नव्हते, तेव्हा याला संशय समज, निकाल समजू नकोस. पण पडताळणी सोपी आहे. मशीनवरून निघालेले पाच जॉब लगेच मोज, मार्करने नंबर घाल, गेजच्या शेजारी सरफेस प्लेटवर दोन तास ठेव आणि परत मोज. दोन रीडिंगांतला फरक कागदावर लिही. मापनाचं प्रमाण तापमान 20 अंश आहे. भोसरीत ते एसी असलेल्या स्टँडर्ड रूममध्येच मिळणार, पण जॉब आणि गेज दोन्ही स्टीलचे आणि दोघांचं तापमान सारखं असलं की शॉप फ्लोअरवरचं काम भागतं.

माझा संशय खरा ठरला तर जरा विचार कर. दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. मग ती दिवाळीतच का सापडली नाही? कारण साहेब ओरडले, तू सॉरी म्हटलंस, विषय संपला. तुझ्या पत्रातले हे तुझेच शब्द. 60 नगांचा दोष तू निमूटपणे अंगावर घेतलास, आणि दोष घेणारा माणूस मिळाला की कारण शोधायची कुणालाच गरज उरत नाही. तू मान खाली घातलीस म्हणजे जबाबदारी घेतलीस, असं तुला वाटलं. साहेबांनाही तसंच वाटलं असणार. पण जबाबदारी घेतली असती तर दुसऱ्या दिवशी त्या 60 नगांतले दोन हातात घेऊन तू म्हणाला असतास, "साहेब, चूक माझी, पण मी मोजलं तेव्हा 19 दिसत होतं, हे असं का झालं?" हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारला असता तर मे महिन्यातली गाडी रिकामी परतली असती आणि तू मला पत्र लिहिलं नसतंस.

तुला उपदेश करण्याचा अधिकार मला आहे असं समजू नकोस. माझं सांगते. 1986 साल, पिंपरीतली एक कंपनी, इन्स्पेक्शनमध्ये मी एकटीच बाई. हीट ट्रीटमेंटहून आलेल्या पिनांच्या एका लॉटमध्ये 20 पैकी 3 पिनांची हार्डनेस कमी आली. मी काय केलं असेल? त्याच तीन पिना दुसऱ्या जागी परत टेस्ट केल्या. दोन पास झाल्या. तिसरीला आणखी एकदा. मशीनवर पास म्हणेपर्यंत विचारत राहिले आणि मग लॉटवर शिक्का मारला. बाई आहे म्हणून उगाच माल अडवते, असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. लॉट परत आला. माझे तेव्हाचे साहेब कडक होते, मी रडायच्या बेतात होते, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला: "शेवटचा चांगला नग कुठला?"

हा प्रश्न पाठ करून ठेव. शेवटचा खात्रीने ओके नग कधी मोजला आणि पहिला खराब कधी सापडला, या दोघांच्या मधलं सगळं संशयित. आम्ही त्या रात्री अकरापर्यंत बसलो. फर्नेसचं रजिस्टर, ट्रॉलीची कार्डं, स्टोअरमधली खोकी. कुठली ट्रॉली भट्टीच्या दाराजवळ होती तिथपर्यंत पोचलो. कुणाची चूक, यावर त्या रात्री एक शब्द झाला नाही. दुसऱ्या दिवशी झाला, मला मेमो मिळाला, तो बरोबरच होता. मेमोचं मला काही वाटलं नाही, कारण तोवर भट्टीचं दार दुरुस्तीला गेलं होतं.

आता तुझा खरा प्रश्न. पुढाकार घ्यायचा की नाही.

तू दोन घटना एकाच तराजूत घालतोयस: एकदा पुढाकार घेतला, मार खाल्ला, एकदा नाही घेतला, तरी मार खाल्ला. म्हणून तुला वाटतंय की नियमच नाही, साहेबांची लहर आहे. पण दिवाळीत तू मशीन बदललंस. मे महिन्यात तुला मशीन थांबवायचं होतं. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. ऑफसेट बदलणं म्हणजे पुढच्या प्रत्येक नगावर तुझा हात. तो चुकीचा असेल तर दर मिनिटाला नुकसान वाढतं. तिथे विचारावं, ज्याचं काम आहे त्याला चहावरून उठवून आणावं, आणि त्याने बदललं तरी पुढचा नग मोजावा. थांबवणं चुकीचं निघालं तर काय बिघडतं? वीस मिनिटं गेली. परत चालू करता येतं.

तुझ्या वडिलांचंच बघ ना. ते म्हणतात, आपलं काम बरं आणि आपण बरे. तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. कापडावर मजुरी, माग बंद तर पैसे बंद, त्यात मालकाशी वाद कोण घालणार. पण त्यांना एकदा विचार: ताण्याचा धागा तुटलेला दिसला की तुम्ही काय करायचा? माग थांबवायचे, तार जोडायचे, परत चालू करायचे. दिवसातून कितीदा तरी. थांबवायच्या आधी कधी मालकाला विचारायला गेले होते का? स्वतःची मजुरी बुडत असताना थांबवायचे, कारण तुटल्या तारेवर माग चालू ठेवला तर कापडात रेघ पडते आणि ती मग निघत नाही. आपण बरे म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यभर हेच केलंय, आणि त्याला पुढाकार वगैरे नाव कधी दिलं नाही.

गंमत अशी की तुझ्या गाड्यांच्या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली पद्धतही मागावरूनच आली आहे. जपानच्या साकिची टोयोडांनी 1924 मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे 1929 मध्ये त्याचे पेटंट हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले, आणि साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीच्या धंद्यात उतरला. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या डोक्यावर दोरी असायची, ती याच मागाची नात म्हण. काही खटकलं की ओढायची. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये सांगतात की दोरी ओढली की लाइन थांबते. अर्धंच खरं आहे ते. दोरी ओढली की आधी दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत जायच्या आत प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरीचं पहिलं काम हाक मारणं.

तू हाक मारलीस, सेटरला. ती त्याने उडवून लावली. तिथे तू हात झटकलेस. मी सांगितलं होतं, आता तो बघेल. सांगितलं की आपण सुटलो, ही समजूत आपल्या सगळ्या शॉपमध्ये आहे, हॉस्पिटलात आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर विचारूच नकोस. पण तोंडी, चालता चालता, आवाजाच्या गोंगाटात 'जरा टाइट वाटतोय' म्हणणं म्हणजे कितपत सांगणं? आकडा सांगितला होतास का? बोअर गेज लावून '25.001 येतंय, गरम आहे' असं म्हणाला असतास तर तोच सेटर दोन सेकंद थांबला असता. सेटर तुझा शत्रू नाही. त्याला रात्रीची गाडी भरायची होती आणि तू त्याला एक 'वाटतंय' दिलंस. गाडी आणि 'वाटतंय' यांच्यात कोण जिंकणार?

आणि अधिकाराचं म्हणशील, तर ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये एकदा जा. भिंतीवर आयएटीएफ 16949 चं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं असेल, त्यावर फुलांचा वाळलेला हारही असेल. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांसाठीचं हे मानक 2016 साली आलं. त्यातलं 5.3.2 कलम उघड. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन थांबवण्याचा आणि माल बाहेर जाणं थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक शिफ्टमध्ये अशी जबाबदारी असलेला माणूस हजर असला पाहिजे, असं त्यात आहे. सेकंड शिफ्टमध्ये तो माणूस कोण? क्वालिटीचा माणूस सहाला घरी जात असेल तर तूच. पण हे तुला सुपरवायझर करताना कुणी सांगितलं का? माझी खात्री आहे, सांगितलं नसणार. पगारात वाढ सांगितली असेल, टार्गेट सांगितलं असेल. इथे तुझ्या साहेबांची चूक आहे आणि ती लहान नाही. अधिकार न सांगता जाब विचारणं हा आपल्या कारखान्यांचा जुना आजार आहे.

म्हणून आता साहेबांकडे जा, पण त्या पाच जॉबांचा कागद हातात घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलास तर ते ओरडतील आणि तू परत सॉरी म्हणशील. एका पानावर लिही: मी काय पाहिलं, किती वाजता, काय केलं, काय करायला हवं होतं आणि केलं नाही. शेवटचं वाक्य गिळू नकोस. त्याखाली दोन्ही वेळचा गरम जॉबचा मुद्दा. मग दोन गोष्टी माग. एक, मोजायच्या आधी जॉब किती वेळ थंड करायचा ते कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय, कधी, कसं मोजायचं त्या कागदात, लिहून मिळावं. गाडीच्या घाईत हे पहिलं कापलं जातं, म्हणून लेखीच हवं. दोन, सेकंड आणि थर्ड शिफ्टला मशीन थांबवायचा आणि माल होल्ड करायचा अधिकार सुपरवायझरला आहे, हे नोटीस बोर्डावर त्यांच्या सहीने लागावं. ऑफसेटबद्दलही विचार: ठरावीक मायक्रॉनपर्यंत कुणी द्यायचा, त्यापुढे कुणी, आणि लॉगबुकमध्ये कसा लिहायचा.

कस्टमरकडे गेलेल्या 412 नगांच्या सॉर्टिंगला कुणाला तरी पाठवणारच असतील. तू जा. कुणी सांगायच्या आधी नाव दे. शिक्षा भोगायला जा म्हणत नाही. तिथे शाफ्ट बसवणाऱ्या माणसाशेजारी उभं राहिलं की आपला बोअर काय करतो ते दिसतं, आणि ते भोसरीत बसून कुठल्याच ड्रॉइंगवर दिसत नाही. अंडरसाइज बोअर परत बोअर करून वाचवता येतो, ओव्हरसाइज असता तर भंगारात गेला असता, तेव्हा त्यातले बरेच नग परत येतील.

आता एक सावधगिरी. 'पूर्ण जबाबदारी घे' हे वाक्य मालक लोकांना फार आवडतं, आणि त्याचा अर्थ ते कधीकधी 'बारा तास थांब, रविवारी ये, रात्री दोनला फोन उचल, आणि काही झालं तर तुझ्या नावावर' असा करतात. ते मी म्हणत नाहीये. तुझ्या शिफ्टमध्ये तुझ्या डोळ्यांसमोरून जाणारा माल, तेवढं तुझं. फर्स्ट शिफ्टने काय केलं त्याचा जाब तू देऊ नकोस, हँडओव्हरमध्ये लिहून घे. आणि इतकं सगळं कागदावर दिल्यावरही एखाद्या रात्री कुणी म्हणालं, 'सही कर, गाडी सोड', तर वाद घालू नकोस, राजीनाम्याची धमकी देऊ नकोस. एवढंच म्हण: "मी होल्ड लावलाय, सोडायचा असेल तर तुमची सही करा." बहुतेक वेळा पेन कुणी उचलत नाही. ज्याने उचललं त्याचं नाव तरी कागदावर राहतं. असं वारंवार होऊ लागलं तर मात्र शांतपणे दुसरीकडे बघ. 25 एच7 चा बोअर गरम का मोजू नये हे ज्याला माहीत आहे, त्याला भोसरी-चाकणमध्ये काम मिळायला अडचण येणार नाही.

सेटरला यात अडकवू नकोस. पाच जॉबांची चाचणी त्याच्याबरोबर कर, रीडिंग त्याला घेऊ दे. आकडा त्याच्या हाताने निघाला की तोच पुढच्या वेळी तुला म्हणेल, थंड होऊ दे रे जरा.

आणि तो गो गेज. मला एक आणखी शंका आहे, मुद्दाम शेवटी ठेवली. गो प्लग वापरून वापरून झिजतो, म्हणजे बारीक होतो, आणि मग जिथे जायला नको तिथेही जातो. गरम जॉब आणि झिजलेला गेज, दोन्ही एकाच रात्री जमले असतील तर 412 नगांचं आश्चर्य वाटायला नको. उद्या शिफ्टला गेलास की त्याच्या दांड्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर वाच. तारीख उलटून गेली असेल, तर तुझा पहिला होल्ड टॅग त्यालाच लाव.

— तुझी ताई